तिसरा पंखा

बाईंच्या कॉम्प्युटरचं नवीन कार्ड आणायचं काम मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि एकदा एखादी गोष्ट मास्तरांच्या अंगावर आली की ती तिथे नीट बसलीच पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता.

आधी एक खुलासा करायला हवा, कारण ओळख करून देताना दरवेळी घोटाळा होतो. या घरातले मास्तर शाळेत शिकवत नाहीत. शाळेत बाई शिकवतात, तेही गणित, तेही आठवी-नववीला. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. कोट, पँट, ब्लेझर. (शर्टही शिवतात, पण "शर्ट काय, कोणीही शिवेल" असं तोंड करून.) नवीन माणूस भेटला की मास्तरांना विचारतो, "कुठला विषय?" आणि बाईंना विचारतो, "तुम्ही घरीच का?" दोघांनीही आता उत्तर देणं सोडून दिलंय.

बाईंना शाळा सुटल्यावर एकच नाद होता. गेम. कानाला हेडफोन लावायचा, खुर्चीच्या टोकाशी यायचं आणि "डावीकडून घे! सोडू नको! डोक्यात घाल त्याच्या!" असं ओरडत खेळायचं. नवीन नवीन असताना खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आले होते. मास्तरांना जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले होते, "घरात काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांगा. पुरुषांनाही होतो."

बाईंची जोडीदार म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती दातांची डॉक्टर. दोघी आपापल्या घरून खेळायच्या. खेळ तसा सोपा: दोन विरुद्ध दोन. एका जोडीने फाटक राखायचं, दुसऱ्या जोडीने वेळ संपायच्या आत ते फोडायचं. एक मोठी स्पर्धा चालली होती आणि या दोघी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एकेक जोडी लोळवत उपान्त्य फेरीपर्यंत पोचल्या होत्या.

त्याच सामन्यात ऐन मोक्याच्या क्षणी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरव्या-जांभळ्या पट्ट्या उमटल्या.

"वा! काय सुंदर स्ट्राइप आहे," मास्तर मागून म्हणाले.

बाईंनी त्या नजरेने मागे पाहिलं, ज्या नजरेने मागच्या बाकावरची मुलं पुढच्या बाकावर येऊन बसतात. बहिणीने एकटीने कसाबसा सामना ओढून नेला. अंतिम सामना पुढच्या रविवारी दुपारी होता.

"ग्राफिक्स कार्ड गेलं," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"गेलं म्हणजे मेलं. नवीन घ्यायला हवं. आणि त्याला हा पॉवर सप्लाय पुरणार नाही, तोही बदलायला हवा. पण माझे पेपर तपासायचेत, शनिवारी दिवसभर पालकसभा. जाणार कधी मी?"

"मी आणतो."

"अहो, ते कापड नाही."

"माप सगळीकडे मापच असतं," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही विश्वास होता, की बाईंनी अर्धं मिनिट विचार करून होकार दिला. (ते अर्धं मिनिट पुढे त्यांना फार आठवलं.) कार्डाचं नाव, दोन पंख्यांचं, साडेसातशे वॉटचा पॉवर सप्लाय, हे सगळं त्यांनी मास्तरांकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं.

शनिवारी सकाळी मास्तर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार खिशाला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला, शांत माणूस होता.

"कॅबिनेट केवढं आहे तुमचं?" त्याने विचारलं.

मास्तरांनी दोन्ही हात हवेत धरून दाखवलं. "एवढं."

"मोजून आणलंय का?"

मास्तर हसले. समोरच्या माणसाच्या खांद्याचं माप रस्त्याच्या पलीकडून सांगणारा माणूस एका पत्र्याच्या डब्याला टेप लावणार होता होय! "तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरलेला आहे," ते म्हणाले. "नजर आहे आपली."

दुकानदाराने एकदा आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि मापाचा विषय सोडून दिला. त्याने दोन पंख्यांचं कार्ड काढून ठेवलं. शेजारी, काचेच्या कपाटात, तीन पंख्यांचं होतं. लांबलचक, चकचकीत, चांगल्या कोटाच्या बाहीसारखं घडी न पडलेलं.

"हे काय आहे?"

"तेच आहे. फक्त यात तिसरा पंखा आहे. थंड राहतं. पण लांबीला जास्त आहे हं, तुमच्या डब्यात..."

मास्तरांचं मन तिथेच फिरलं. बायकोची अंतिम फेरी, आणि आपण एका पंख्यासाठी मागे सरायचं? शिवाय धंद्यातला अनुभव असा, की कपडा मोठा असला तर आत घेता येतो, लहान असला तर रडत बसावं लागतं.

"हेच द्या."

"आणि घरातली वायरिंग कशी आहे? लोड बराच येईल."

"आमच्याकडे लाइट कधी जात नाही," मास्तर म्हणाले. "आणि शिवाय पॉवर सप्लाय घेतोयच की." नावातच सप्लाय असल्यामुळे तो खोका घरात ठेवला की घरात जास्तीची वीज येते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. दुकानदाराला ती कळली नाही, म्हणून दुरुस्तही झाली नाही.

घरी येऊन मास्तरांनी डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवीन उचललं आणि आत घालायला गेले. कार्ड जागेवर बसेना. मागची बाजू खाचेत नेली की पुढचं टोक पुढच्या पत्र्यावर आपटत होतं. चांगलं दोन बोटं जास्त होतं. मास्तरांनी ते तिरकं करून पाहिलं. उलटं करून पाहिलं. श्वास रोखून पाहिलं. (गिऱ्हाइकाची पँट कमरेला बसत नाही तेव्हा गिऱ्हाइकाला श्वास रोखायला सांगतात, त्या सवयीने. इथे रोखायचा कोणी, हा प्रश्न होता.)

दुसरा एखादा माणूस इथे कार्ड परत करायला धावला असता. मास्तरांच्या दुकानात मात्र कपडा बसत नाही म्हणून आजवर कोणी परत गेलं नव्हतं.

"आल्टर करू," ते स्वतःशी म्हणाले, आणि करवत मागायला खाली काकांकडे गेले.

"लोखंड कापायची करवत आहे का तुमच्याकडे?"

"आहे. कशाला हवीये?"

"बाईंसाठी."

काकांचा हात दाराच्या कडीवर थिजला. "बाई... घरी आहेत?"

"नाहीत, म्हणूनच घाई आहे. त्या यायच्या आत सगळं उरकायचंय. कोणाला कळता कामा नये."

"मास्तर," काका खोल आवाजात म्हणाले, "तुम्ही किती सहन केलंत ते मी रोज ऐकतोय. पण म्हणून या थराला?"

"दुसरा इलाजच नाही. दोन बोटं जास्त आहे."

काकांनी करवत दिली खरी, पण स्वतःही मागोमाग गच्चीवर आले आणि मास्तरांनी पत्र्याचा डबा आडवा पाडून त्यावर खडूने रेघ मारेपर्यंत पाण्याच्या टाकीला टेकून छाती धरून उभे राहिले.

एक गोष्ट मास्तरांच्या बाजूने सांगायलाच हवी. कोट आल्टर करताना आधी अस्तर सोडवतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. डब्यातला एकूण एक भाग त्यांनी आधी बाहेर काढून पलंगावर चादरीवर मांडला होता, कुठली वायर कुठे होती त्याचे फोटो काढले होते, आणि मगच रिकामा डबा गच्चीवर नेला होता. पुढच्या पत्र्याला आणि त्याच्यावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला त्यांनी सुबक चौकोनी खिडकी पाडली. कापलेल्या कडा हाताला लागत होत्या, म्हणून ब्लेझरच्या निळ्या कापडाची तिरकी पट्टी काढून चारी बाजूंनी पायपिंग केलं. काकांनीही मान डोलावली. "काज छान झालंय," ते म्हणाले.

डबा पुसून, घरात आणून, मास्तरांनी फोटो बघत बघत सगळं परत जोडलं. नवीन कार्ड बसलं. त्याचं टोक खिडकीतून दोन बोटं बाहेर आलं, गाडीच्या खिडकीतून हवा खायला कुत्र्याने नाक बाहेर काढावं तसं. नवीन पॉवर सप्लायही बसला. मास्तरांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. बोटाने दाबलं, अंगठ्याने दाबलं, "चल रे" म्हणून दाबलं. शेवटी त्यांनी मेहुणीला दवाखान्यात फोन लावला.

"बोला भाऊजी! पेशंट खुर्चीत आहे, पण बोला, स्पीकरवर टाकलाय."

"सगळं जोडलं, पण चालूच होत नाही."

"आधी पूर्ण उघडा बघू."

मास्तरांनी डब्याचं दुसऱ्या बाजूचं झाकणही काढलं. "उघडलं."

"अजून. लाजू नका."

"आता उघडायला काही उरलंच नाही!"

"बरं. ही हलतेय का? नाही, घट्ट आहे."

मास्तरांनी कार्ड हलवून पाहिलं. "हो, घट्ट आहे."

"मग दुखतंय कुठे नेमकं?"

"करवत थोडी अंगठ्याला लागली," मास्तर संकोचाने म्हणाले, "पण फार नाही."

फोनमधून कोणीतरी "आँ... आँ" केलं.

"अगदी मागे? खालच्या बाजूला?" मेहुणी म्हणाली. "हां, ती काळी! दिसली. हिच्यामुळेच सगळं झालंय. दाबून बघते हं."

मास्तर वाकून डब्याच्या मागे गेले. आणि खरोखरच अगदी मागे, पॉवर सप्लायच्या पाठीला, एक काळी कळ होती. त्यांनी ती दाबली. पुढचं बटण ते दुसऱ्या हाताने तसेही दाबतच होते. तिन्ही पंखे गरकन फिरले, खिडकीतल्या नाकावर निळा दिवा लागला आणि त्याच क्षणी फोनमधून एक भयंकर किंकाळी आली.

"सापडली!" मास्तर ओरडले.

"सापडली!" मेहुणीही ओरडली. "आता चूळ भरा."

ही पायरी मास्तरांच्या नीटशी लक्षात आली नाही. पण इतकं अचूक निदान करणाऱ्या माणसाशी वाद कशाला घालायचा? ते मोरीत गेले आणि चूळ भरून आले.

बाई संध्याकाळी पालकांशी बोलून बोलून दमलेल्या अंगाने आल्या. दारातच थांबल्या. डब्याचं निळ्या किनारीचं तोंड त्यांच्याकडेच होतं.

"हे काय आहे?"

"फिटिंग."

"दोन पंख्यांचं सांगितलं होतं मी."

"दोन तुमचे. तिसरा माझ्याकडून."

बाईंनी पर्स खाली ठेवली, डब्याचं झाकण काढलं आणि पेपर तपासावा तशी एकेक वायर तपासायला सुरुवात केली. मास्तर बाजूला हात मागे बांधून उभे राहिले. गिऱ्हाईक ट्रायल रूममधून बाहेर येईपर्यंत राहतात, अगदी तसेच.

"लोखंडाचा भुगा?"

"गच्चीवर. डबा रिकामा करून कापला."

"हं." बाईंनी कार्डाला जाणारी जाड वायर धरून जोर लावला. टक्क असा आवाज आला. "ही अर्धीच बसली होती. जळलं असतं सगळं."

"तेवढी ढिलाई मुद्दाम ठेवली होती," मास्तर म्हणाले, पण आवाज जरा बारीक झाला.

बाईंनी निळ्या पायपिंगवरून बोट फिरवलं. कोपरे कसे दुमडलेत ते वाकून पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि गेम सुरू केला. बराच वेळ त्या नुसत्या बघतच राहिल्या. पुढेही सरकल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मास्तरांना वाटलं, बिघडलं.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "गेममधलं गवत हलतंय."

"मग? तिसरा पंखा आहे ना," मास्तर म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आपण काय विनोद केला, हे मास्तरांना कळलं नाही. पण त्या हसण्यात रागाचा एक धागाही शिल्लक नव्हता, एवढं त्यांना पुरलं.

रविवारी दुपारी अंतिम सामना सुरू झाला. बाईंनी बजावून ठेवलं होतं, "आज शिलाई मशीनचा आवाज नको." मास्तरांना ते पटलं. त्यांना एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता, पण मशीनवरचं काम संपलं होतं. राहिली होती फक्त इस्त्री. आणि इस्त्रीइतकं बिनआवाजाचं काम जगात दुसरं नाही. ते आपल्या खोलीत ती सहज करू शकले असते, पण तिथून सामना दिसत नव्हता. म्हणून त्यांनी टेबल ओढून बाईंच्या मागे आणलं, दुकानातली ती जुनी, मणभर वजनाची इस्त्री घेतली आणि कॉम्प्युटरच्याच बोर्डावर शेवटची रिकामी जागा होती तिथे लावली. एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेलाही, पण लगेच त्यांनी स्वतःला समजावलं, की साडेसातशे वॉटचा सप्लाय घरात आहे, त्याच्यापुढे एक इस्त्री म्हणजे काय!

बटण नंतर दाबू म्हणून ते सामना बघत राहिले. सामना बरोबरीत होता. शेवटची फेरी आली. फाटक राखायची पाळी बाईंच्या जोडीची होती. आणि सुरुवातीलाच धाकटी बहीण टिपली गेली.

आता फाटकावर बाई एकट्या. समोर दोघं. आणि बाईंची एक खोड सगळ्या स्पर्धेत जगजाहीर झालेली होती: त्यांना एका जागी थांबवत नाही. जरा हालचाल दिसली की त्या बाहेर उडी घेतात. ते दोघं त्याचीच वाट बघत पोत्यांच्या आड दबा धरून बसले होते.

बाई फाटकाच्या वर, मधोमध उभ्या होत्या. खुर्चीत त्या पुढे सरकल्या. "येतेच मी तुमच्याकडे," त्या दातओठ खात म्हणाल्या.

ताण असह्य होऊन, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून, मास्तरांनी इस्त्रीचं बटण दाबलं.

खट्ट!

स्क्रीन काळी. दिवा बंद. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. कार्डाच्या नाकावरचा निळा दिवा विझला. घरात इतकी शांतता पसरली, की खालचे काका खोकले ते ऐकू आलं.

बाईंनी सावकाश हेडफोन काढला.

"अहो."

"हां?"

"काय लावलंत?"

"इस्त्री," मास्तर म्हणाले, आणि दारामागच्या मेन स्विचकडे धावले. स्टुलावर चढून त्यांनी कळ वर केली. ती खट्टकन खाली पडली. पुन्हा वर केली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा वर करताना मागून बाईंचा आवाज आला, "आधी इस्त्री काढा!" मास्तर स्टुलावरून उतरले, इस्त्री काढली, पुन्हा चढले. त्या चढउतारात त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं, की आपण नक्की काय घालवलंय. कार्ड, करवत, पायपिंग, सगळं या एका दुपारसाठी होतं. ती दुपार त्यांनी स्वतःच्या बोटाने विझवली होती. स्टुलावर उभे राहून ते म्हणाले, "बाई, मी..."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बहीण होती. आवाज एवढा मोठा, की स्टुलापर्यंत ऐकू येत होता.

"ताई! काय बाई आहेस गं तू!"

"मला माहीत आहे," बाई थकून म्हणाल्या. "काय बोलायचं ते नंतर बोल."

"अशी गप्प उभी राहिलीस! हलली नाहीस की काही नाही!"

"माझ्या हातात नव्हतं गं ते."

"बंदूक खाली, मान सरळ! त्यांना वाटलं, ही थांबली म्हणजे नक्की काहीतरी सापळा लावलाय. एकजण पुढे यायचा, तुझ्याकडे बघायचा आणि मागे पळायचा. शेवटपर्यंत कोणी फाटकाजवळ फिरकलं नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे वेळ संपली! जिंकलो आपण!"

"आपण म्हणजे कोण?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

कॉम्प्युटर विझला तरी गेममधल्या बाई होत्या तिथेच, फाटकावर, उभ्या राहिल्या होत्या. मास्तरांनी कळ वर केली, वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि खरोखरच स्क्रीनवर दोघींची नावं झळकत होती. बाईंनी मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर अजून स्टुलावरच होते. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी मास्तरांना हात देऊन खाली उतरवलं. मास्तरांच्या जिवात जीव आला. इतकंच नव्हे, जमिनीवर पाय टेकेपर्यंत त्यांचा आत्मविश्वासही पूर्ववत झाला. "डावपेच म्हणतात याला," ते म्हणाले. "ऐन वेळी थांबणं. मी अगदी नेमक्या क्षणी दाबलं."

थोड्याच वेळात स्पर्धेच्या संयोजकाने विजेत्यांना मुलाखतीसाठी कॅमेऱ्यावर बोलावलं. शेकडो लोक बघत होते. मास्तरांनी घाईघाईने केस विंचरले, कॉलरचं वरचं बटण लावलं आणि बाईंच्या खुर्चीमागे, फ्रेममध्ये बरोबर बसतील अशा बेताने उभे राहिले.

"शेवटच्या फेरीत तुम्ही ज्या थंड डोक्याने स्तब्ध उभ्या राहिलात," संयोजक भारावून म्हणाला, "ती कल्पना नेमकी कोणाची होती?"

मास्तरांनी छाती पुढे काढली. बाईंनी एकदा मागे पाहिलं.

"आमच्या इस्त्रीची," त्या म्हणाल्या.

संयोजकाला ते कोणाचं तरी गेममधलं नाव वाटलं. त्याने लगेच स्क्रीनवर विजेत्यांच्या नावांखाली ठळक अक्षरांत टाकलं, 'मार्गदर्शन : इस्त्री'. टाळ्यांचे आवाज आले.

"आणि मागे उभे आहेत, तेच का इस्त्री?" त्याने आदराने विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "हे आमचे मिस्टर. ते फक्त बटण दाबतात."